सामुद्रधुनी आणि सोयरीक

"पगार नको, पेन्शन नको, कुणाचं ऑपरेशन नको, निवडणूक तर नकोच नको," आईने बजावलं. "आणि नगरपालिकेचा विषय काढलात तर मी स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाही."

बाबा आरशापुढे उभे राहून कॉलर सारखी करत होते. "मग बोलायचं काय? मुक्यासारखा बसू?"

"जमलं तर फारच उत्तम."

मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची. मुलगा खोकी बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होता. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आणि आता दोन्ही घरांनी समोरासमोर बसून गोड बोलायचं, एवढंच उरलं होतं. पण एवढंच म्हणजे केवढं, हे आईला ठाऊक होतं. बाबांची सगळी नोकरी विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच नियम साऱ्या जगाला लावला. भाच्याच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी रस्त्याच्या कामातल्या चोरीचा विषय काढला आणि समोरच्या मुलीचा काका त्याच रस्त्याचा कंत्राटदार निघाला. भाचा अजून बिनलग्नाचा होता.

"परदेशाचं बोला की," आई म्हणाली. "बाहेरचे देश, त्यांच्या लढाया, त्यांचे तह. आपल्या घरात त्याचं कुणाला काय लागतंय?"

आई पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. कुठल्याही विहिरीचं पाणी पुन्हा तपासल्याशिवाय तिने कधी चांगलं म्हटलं नव्हतं. हे वाक्य मात्र तिने न तपासताच सोडून दिलं.

मुलाचे वडील दंतवैद्य होते. बाबांची एक दाढ त्यांच्याकडेच चालू होती. नस काढून झाली होती, वर तात्पुरतं सिमेंट बसवलं होतं आणि टोपी अजून बसायची होती. म्हणजे दोघांची आतापर्यंतची ओळख खुर्चीतली. बाबांचं तोंड उघडं आणि त्यात डॉक्टरांची हत्यारं. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला ऐकण्याची गरज नव्हती. त्यामुळे दोघांचं एकमेकांविषयी फार चांगलं मत होतं.

पाहुणे आले. डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि मुलगा. डॉक्टरीणबाई नखशिखांत मोतिया रंगात आल्या होत्या. हवापाण्याची चौकशी झाली, जिना चढताना गुडघे दुखतात यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि तेवढ्यावर विषय संपले. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवून परवानगी दिली.

"त्या सामुद्रधुनीचं काय वाटतं तुम्हाला?" बाबांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर एकदम सरसावून बसले. असा गंभीर विषय निघणारं घर आपल्याला मिळतंय याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. ती सामुद्रधुनी दोघांपैकी कुणीही पाहिली नव्हती. बाबांना समुद्रावर उलट्या होत असत आणि डॉक्टरांना पोहता येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी टीव्हीवर चार जण एकाच वेळी बोलत असलेली चर्चा दोघेही न चुकता ऐकत. आपल्या देशाला परराष्ट्र धोरण म्हणून काही कधी नव्हतंच, यावर दोघांचं लगेच जमलं. वकिलातीत नुसते जेवणारे लोक भरलेत, यावरही जमलं. आईने सुटकेचा श्वास टाकला आणि ती चहा आणायला गेली.

ती परत आली तेव्हा टेबलावर समुद्र झाला होता. निळा टेबलक्लॉथ आधीच होता, त्यामुळे पाण्याची सोय झालीच होती. बिस्किटांची ताटली हे बेट होतं. साखरेचं भांडं हा मोठा मित्रदेश. फुलदाणी शत्रूची राजधानी होती आणि तिच्याकडे दोघेही डोळे वटारून बघत होते. आईने ट्रेमधून कप ठेवले तसे बाबांनी ते भराभर ओढून घेतले आणि त्यांची आरमारं केली.

प्रश्न असा होता की मित्रदेशाने हाक मारली तर आपली जहाजं पाठवायची की नाही. पाठवायचीच, असं बाबांचं म्हणणं. एकट्याचं या जगात कुणी नसतं, बलवानाचा हात धरूनच राहावं लागतं. डॉक्टरांना हे साफ नामंजूर होतं. मैत्री वगैरे सगळं थोतांड, आपण बरं आणि आपला किनारा बरा, दुसऱ्याच्या भांडणात जहाज घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

"मित्र बुडत असताना काठावर उभं राहायचं?" बाबा म्हणाले.

"तुम्ही विम्यातले. तुम्ही काठावर उभं राहून त्याला अटी वाचून दाखवाल."

"आणि तुम्ही? तो बुडेपर्यंत पुढची तारीख द्याल."

मुलगी आणि मुलगा एकमेकांकडे बघून हसले. अजून हसण्यासारखंच होतं. डॉक्टरीणबाईंना मात्र या सगळ्यात काही गम्य नव्हतं. जिने चढून त्यांचा घसा कोरडा पडला होता आणि त्यांचा चहा टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला निवत चालला होता. त्यांनी हात लांब करून कप उचलला.

"विहीणबाई, तो नका हलवू," म्हणत बाबांनी झडप घालून बशी धरली. "उत्तर बाजू उघडी पडते."

"अहो, माझा चहा आहे तो."

"असू दे हो, दोन मिनिटं. यांना फक्त एवढं दाखवतो."

डॉक्टरीणबाईंनी सोडला नाही. बाबांनीही सोडला नाही. मग कपाने दोघांनाही सोडलं आणि उत्तरेचं सगळं आरमार मोतिया रंगावर सांडलं.

अशा वेळी माणसं काय करतात? "अरेरे" म्हणतात, ओलं फडकं आणतात, चूक झाली म्हणतात. आई फडकं आणायला धावलीही. पण ती येईपर्यंत फडक्याने पुसण्याइतका प्रश्न लहान राहिला नव्हता. डॉक्टर उभे राहिले होते आणि हा अपघात नसून युक्तिवाद संपल्यावर केलेला हल्ला आहे, असं म्हणत होते. बाबांचं म्हणणं होतं की कप मुळात आपल्या बाजूचा होता आणि तो पूर्वसूचना न देता उचलला गेला. डॉक्टरांनी बायकोला उठवलं, मुलाला खुणेने उठवलं आणि तिघे गेले. मुलाने जिन्यात बुटाची नाडी बांधता बांधता एकदा मागे वळून पाहिलं, पण वडिलांनी खालून हाक मारली.

"फोन करा आणि सॉरी म्हणा," आई म्हणाली. "एक मिनिटाचं काम आहे."

बाबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. माफी मागणं म्हणजे जबाबदारी मान्य करणं, हे त्यांना विमा कंपनीने शिकवलं होतं आणि आता टीव्हीवरच्या निवृत्त राजदूतांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. खूप विनवण्या केल्यावर ते खेद व्यक्त करायला तयार झाले, तोही चहा सांडला याबद्दल, आपण सांडला याबद्दल नाही. खेद मुलीने मुलाला सांगितला, मुलाने डॉक्टरांना सांगितला. डॉक्टरांनी तो परत पाठवला. नुसता खेद चालणार नाही, आधी बाबांनी सामुद्रधुनीवरची भूमिका मागे घ्यावी.

"भूमिकेचा काय संबंध?" आईने विचारलं.

"तोच तर मूळ मुद्दा आहे," बाबा म्हणाले. "चहा हे फक्त निमित्त."

आईने परस्पर डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाबांनी हे करू नकोस असं निक्षून सांगितलं होतं, त्याने आपली बाजू कमकुवत दिसते म्हणे. डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलत होत्या. डाग घरी येऊन धुतला तेव्हाच गेला होता. पण डॉक्टरांना ते कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता. पुरावा नष्ट केलास म्हणून दोन दिवस अबोला धरला होता.

"मी म्हटलं, पुन्हा सांडते थोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तर म्हणे, त्याने विश्वासार्हता जाते."

 फोन ठेवताना आईला वाटलं, आपल्याला हिच्याशी सोयरीक करायची आहे आणि ती या फोनवर आत्ताच झाल्यात जमा आहे. पण फोनवर लग्न लागत नाही.

मग दोन्ही घरांनी मित्रपक्ष बोलावले. इकडून मामा आले. मामा म्हणजे आईचा भाऊ. सैन्याच्या पुरवठा खात्यात ब्लँकेटं वाटून ते निवृत्त झाले होते. रणांगण त्यांनी पाहिलं होतं, पण बाबांच्याच शेजारी बसून, त्याच टीव्हीवर. तरी सोफ्यावर ते असे बसत की आत्ताच खंदकातून उठून आलेत. पाऊल मागे घेऊ नका, दाबून ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. तिकडून डॉक्टरांचे थोरले भाऊ आले. त्यांना सगळे काका म्हणत. काका कुठल्याशा वकिलातीत खिडकीमागे बसून लोकांचे अर्ज अपुरे आहेत असं सांगत असत. त्यांनी डॉक्टरांना उत्तरच देऊ नका असा सल्ला दिला. लटकत ठेवलं की समोरचा आपोआप नरमतो, हा त्यांचा नोकरीभरचा अनुभव.

आणि या लटकत्या काळात बाबांची दाढ ठणकायला लागली.

वरचं सिमेंट झिजून निघालं होतं. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे शरणागती. बाबा दुसऱ्या दंतवैद्याकडे गेले, तर त्याने आधीच्या डॉक्टरांकडची एक्स-रेची छायाचित्रं मागितली. ती मागण्यासाठी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. डॉक्टरांनी आपणहून ती पाठवली नाहीत, आणि काकांनी याला निर्बंध असं नाव दिलं. गाल फुगलेले बाबा पातळ खिमट भात चमच्याने गिळत आणि घोटाघोटाला नवं धोरण मांडत.

"एकावर भिस्त ठेवूच नये," ते एका बाजूने बोलत. "स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. कुणाचा हात धरायला गेलो की आपली मान त्याच्या हातात जाते."

"मान नाही, दाढ," आई म्हणाली. "आणि हे तर डॉक्टरांचं म्हणणं होतं ना?"

"काहीतरीच काय. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय."

आईने वाद घातला नाही. नमुना बिघडला की त्याच्याशी भांडून तो सुधारत नाही, हे तिला रोजच्या कामातून माहीत होतं. शिवाय तिचं लक्ष मुलीकडे होतं. मुलगी आता मुलाशी फोनवर बोलून आली की गप्प असायची. आई विचारायची, काय म्हणाला? मुलगी सांगायची, काही नाही. लग्नाच्या हॉलवाल्याला कळवायचं राहिलं होतं आणि तो दुसऱ्याला तारीख देईन म्हणत होता. आईच्या डोळ्यांपुढे भाचा यायचा, अजून बिनलग्नाचा, शनिवारी एकटाच सिनेमाला जाणारा.

शेवटी दोघी बायकांनीच भेट जमवली. डॉक्टरांच्या दवाखान्याशेजारी एक चष्मेवाला होता. तो दोन्ही घरांना चष्मे विकत असल्यामुळे त्याला तटस्थ मानण्यात आलं. त्याच्या मागच्या खोलीत सगळे जमले. बसण्यावरूनच अडलं. दोन खुर्च्या उंच होत्या आणि दोन स्टुलं बुटकी. मुलीकडच्यांनी खालची जागा घ्यायला मामांनी नकार दिला. काकांनी याचा आम्हाला विचार करावा लागेल असं सांगितलं. अखेर चौघेही उभे राहिले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, त्याच्याखाली चार कर्ते पुरुष हाताची घडी घालून उभे, आणि दाराजवळच्या बाकावर दोन बायका. मुलगा आणि मुलगी बाहेर दुकानात चष्म्याच्या काड्या बघत थांबली होती.

डॉक्टरांनी सुरुवात केली. या सगळ्या प्रकारात आपल्याला एक गोष्ट पटली, ते म्हणाले. आपला थोरला भाऊ पाठीशी उभा राहिला नसता तर आपण कोलमडलो असतो. जगात एकट्याचं कुणी नसतं. मित्र हवेत, बलवान हवेत.

"साफ चूक," बाबा फुगल्या गालाने म्हणाले. "मित्रबित्र सगळं थोतांड. आपण बरं आणि आपला किनारा बरा."

दोघे पुन्हा तेवढ्याच त्वेषाने भिडले. तीच सामुद्रधुनी, तीच जहाजं. आईने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंनी आईकडे. बाबा डॉक्टरांची वाक्यं म्हणत होते आणि डॉक्टर बाबांची. दोघांनी आपापली मतं इतक्या सफाईने बदलली होती की भांडण जागचं हललं नव्हतं. मामा आणि काका माना डोलवत होते. आपला माणूस ठाम आहे याचा त्यांना अभिमान वाटत होता.

"तुमच्यासारख्यांमुळे देश बुडाला," बाबा तोंड वासून ओरडले.

डॉक्टर पुढे वाकले. "जरा पुन्हा तोंड उघडा."

"काय?"

"अहो, आ करा. हे सिमेंट कधी निघालं? आत पू झालाय. तुम्ही माणूस आहात की कोण? चला."

आणि त्यांनी बाबांना दंडाला धरून शेजारी नेलं. मामा म्हणाले, हा सापळा आहे. काका म्हणाले, हे आधी ठरलेल्या विषयांत नव्हतं. पण बाबा तोपर्यंत खुर्चीत आडवे झाले होते. गाल बधिर करून तोंडात कापूस भरला गेला होता आणि लाळ ओढणारी नळी सुरसुरायला लागली होती.

डॉक्टरांनी दाढ साफ केली आणि सबंध वेळ ते बोलत राहिले. सामुद्रधुनी, आरमार, व्यापारी मार्ग, शत्रूच्या मनातली भीती. मधूनच ते विचारत, "पटतंय ना?" बाबा म्हणत, "आ." डॉक्टर म्हणत, "वाटलंच मला." ठणका थांबला तसे बाबांचे डोळे पाणावले. डॉक्टरांना वाटलं, विचार पोचला.

बाहेर आल्यावर त्यांनी हातमोजे काढत जाहीर केलं, "पूर्ण एकमत झालंय." बाबांचा अर्धा चेहरा बधिर होता. त्यांनी उरलेल्या अर्ध्याने हसून डॉक्टरांचा हात दाबला. खेद कुणी व्यक्त केला नाही आणि कुणाला त्याची आठवणही राहिली नाही. मामा आणि काका आपापल्या घरी गेले, जरा नाराजच.

त्या दिवसापासून डॉक्टर आणि बाबा एकमेकांवाचून राहीनात. टीव्हीवरची चर्चा चालू असताना फोन जोडलेला असे. रविवारी डॉक्टर बायकोला घेऊन घरी येऊ लागले. आईने हॉलवाल्याचा नंबर काढला आणि मुलीला हाक मारली.

"सगळं मिटलं बघ एकदाचं. कळवून टाकू ना?"

मुलगी कपाट आवरत होती. ती आवरतच राहिली. "नको कळवूस."

आईला वाटलं, तारीख गैरसोयीची असेल. तिने पुढची तारीख सुचवली.

"तारखेचं नाही गं. माझं नाही म्हणून सांग."

आई पलंगावर बसली. तिने मुलीला सगळं समजावून सांगितलं. बाबांचं काय, डॉक्टरांचं काय, पुरुष असेच असतात, पोराचा यात काय दोष, तो तर बिचारा एक अक्षर बोलला नाही.

"तेच तर," मुलगी म्हणाली. "एक अक्षर नाही बोलला. मी त्याला रोज विचारत होते. म्हटलं, त्यांचं चुलीत जाऊ दे, तुझं काय म्हणणं आहे? तर म्हणे, मी दोन्ही बाजूंशी संवाद चालू ठेवलाय. भूमिका घेणं घाईचं होईल. म्हटलं, अरे, सामुद्रधुनीवर नको घेऊस, माझ्यावर घे. तुला लग्न करायचंय की नाही?"

"मग?"

"सगळे पर्याय खुले आहेत म्हणाला."

 इतके दिवस आई चहा, दाढ, स्टुलं आणि मामा यांच्यात तुंबलेली वाट मोकळी करत होती, आणि वाट मोकळी झाल्यावर पलीकडून कुणी येणारच नव्हतं. तिने मुलाचा चेहरा आठवून पाहिला. देखणा होता, नम्र होता, बुटाची नाडी बांधत होता. अजून पाच वर्षांनी सोफ्यावर बसलेला तो तिला स्पष्ट दिसला. अजून तीस वर्षांनी तर फारच ओळखीचा.

"मग काय म्हणालीस तू?" तिने विचारलं.

"म्हटलं, माझा एक पर्याय बंद झाला."

"बरं केलंस," आई म्हणाली आणि तिने हॉलवाल्याचा नंबर पुसून टाकला.

बातमी दोन्ही वडिलांना एकदमच कळली, कारण रविवार होता आणि दोघे एकाच सोफ्यावर होते. दोघांनाही धक्का बसला. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मुलांच्या आपापसातल्या प्रश्नाचा दोन घरांच्या संबंधांवर परिणाम होता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी याला संपूर्ण पाठिंबा दिला. जावई हातचा गेला होता, व्याही मात्र कायमचे पदरात पडले होते.

"पण एवढं जमलेलं मोडलं कसं?" बाबांनी विचारलं.

"यात बाहेरच्या शक्तीचा हात असणार."

"निश्चित."

दोघांनी ती शक्ती कोणती असावी यावर विचार सुरू केला. बाबांचा संशय उत्तरेवर होता, डॉक्टरांचा पश्चिमेवर, आणि आवाज चढायला लागले. आईने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. दोघी उठल्या, मुलीला हाक मारून तिघी बाहेर पडल्या. सिनेमाला जाऊ म्हणाल्या, वाटेत भाच्यालाही घेऊ. आत अजून चहा झालेला नाही, हे दोघांच्या लक्षात यायला बराच वेळ लागणार होता.